टोळी निघायच्या आत लेकरांचं तोंड उघडून बघा : नांदूरघाट परिसरातल्या पालकांना तातडीचं आवाहन

नांदूरघाट आणि आसपासच्या गावांतल्या, वाड्या-वस्त्यांवरच्या सर्व आईबापांना, आजी-आजोबांना, गुरुजी-बाईंना आणि मुकादमांना,

दसरा जवळ आला की आपल्या भागात ऊसतोडीच्या उचलीचे, म्हणजे आगाऊ पैशांचे, व्यवहार पक्के होतात. दिवाळी उरकते न उरकते तोच ट्रक-ट्रॅक्टर भरून टोळ्या कारखान्यांकडे निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी सोलापूर-पुण्याकडे, कुणी थेट कर्नाटकात. परत गाव दिसतं ते मार्च-एप्रिलमध्ये. निघण्याआधीच्या या थोड्या दिवसांत घरात शंभर कामं असतात, हे माहीत आहे. तरीही त्यात आणखी एक काम घाला, अशी कळकळीची विनंती आहे. तुमच्या घरात सहा ते बारा वर्षांचं लेकरू असेल तर त्याला उजेडात बसवा, तोंड उघडायला सांगा आणि दातांची रांग नीट बघा. दुधाचा दात जागचा हललेला नाही आणि त्याच्या मागून किंवा पुढून दुसरा, मोठा दात वर येतो आहे असं दिसलं, तर गाव सोडण्याआधी ते लेकरू दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

मोठ्या माणसाचे सहा महिने असेच निघून जातात. लेकराचं तसं नाही. सहा ते बारा या वयात तोंडातले वीसच्या वीस दुधाचे दात जातात आणि त्यांच्या जागी पक्के दात येतात. त्या सहा वर्षांतले प्रत्येक वर्षाचे पाच-सहा महिने लेकराने फडावर आणि कोपीत काढले, तर दात बदलण्याचा जवळजवळ निम्मा काळ कुणाच्या नजरेखालून जातच नाही. पहाटे अंधारात कोयता घेऊन निघणाऱ्या आईला लेकराच्या तोंडात बघायला उजेड कुठला आणि उसंत कुठली? तिथे दवाखाना आठवतो तो काही दुखलं, सुजलं, ताप चढला तरच. आणि दातामागे दात येण्याचा हा प्रकार दुखत नाही. लेकरू तक्रार करत नाही, जेवण सुरू असतं, खेळणं सुरू असतं. म्हणूनच तो राहून जातो.

आधी हे होतं कसं ते सांगतो. दुधाचे दात सहाव्या महिन्याच्या आसपास दिसू लागतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस पूर्ण होतात, दहा वर आणि दहा खाली. त्यांच्याखाली हाडात पक्के दात तयार होत असतात. पक्का दात वर सरकू लागला की दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळतं. शरीरातल्या खास पेशी ते मूळ झिजवत नेतात. मूळ संपलं की दाताला धरून ठेवणारं काही उरत नाही. तो हलू लागतो आणि एखाद्या दिवशी भाकरी चावताना हातात येतो. पडलेल्या दाताला मूळ दिसत नाही, म्हणून पुष्कळांना वाटतं की दुधाच्या दातांना मुळंच नसतात. असतात, आणि चांगली लांब असतात. पक्का दात योग्य वाटेने आला तरच ती नीट झिजतात.

पक्क्या दाताने वाट थोडी बदलली की गडबड होते. खालच्या जबड्यातले पुढचे पक्के दात मुळातच दुधाच्या दातांच्या मागे, जिभेच्या बाजूला तयार होतात. ते तसेच मागून वर आले तर दुधाच्या दाताचं मूळ पुरतं झिजत नाही. दुधाचा दात घट्ट उभा राहतो आणि त्याच्या मागे दुसरी रांग दिसू लागते. सहा-सात वर्षांच्या लेकरांत हे पुष्कळदा दिसतं. ते पाहून आया घाबरतात आणि काही जणी तर लेकराच्या तोंडात काही अशुभ झालं असं समजून गप्प बसतात. अशुभ काहीही नाही. घाबरायचंही कारण नाही. फक्त पुढे काय करायचं ते माहीत हवं.

खालच्या पुढच्या दातांच्या बाबतीत पहिला प्रश्न एकच : दुधाचा दात हलतो का? हलत असेल तर लेकराला तो जिभेने आणि स्वच्छ धुतलेल्या बोटाने रोज हलवायला सांगा. ज्वारीची भाकरी, गाजर, पेरू असं चावायला द्या. बहुतेक वेळा तो काही आठवड्यांत पडतो, आणि जागा असेल तर मागचा पक्का दात जिभेच्या रेट्याने हळूहळू पुढे सरकून रांगेत बसतो. यासाठी तार लागत नाही, औषध लागत नाही. पण नवा दात दिसून दोन-तीन महिने झाले, तरी पुढचा दुधाचा दात दगडासारखा घट्ट असेल, किंवा लेकराला आठवं वर्ष लागून गेलं असेल, तर वाट बघणं थांबवा. तो दात आपण होऊन पडण्याची शक्यता आता कमी झाली आहे. डॉक्टर तो काढतील.

वरच्या दातांना मात्र ही सवलत नाही, आणि नेमका हाच फरक गावात कुणी सांगत नाही. वरचा पक्का दात दुधाच्या दाताच्या मागे, टाळूच्या बाजूला आला, तर तोंड मिटल्यावर तो खालच्या दाताच्या आत अडकतो. एकदा तसा अडकला की जीभ त्याला पुढे ढकलू शकत नाही. खालचा दात रोज त्याला आतच कोंडतो. पुढे दोन्ही दात एकमेकांवर घासून झिजतात, खालच्या दाताची हिरडी उतरू लागते, आणि चावताना जबडा एका बाजूला सरकवायची सवय लागते. सुरुवातीला एक दुधाचा दात काढून जे निभलं असतं, त्यासाठी मग दातांना तारा बसवायची वेळ येते. तारांचा उपचार वर्ष-दोन वर्षं चालतो आणि दर महिन्याला तपासणीला जावं लागतं. वर्षातले सहा महिने गावाबाहेर असणाऱ्या घराला हा उपचार पैशानेही परवडत नाही आणि वेळेनेही. म्हणून वरच्या रांगेत दातामागे दात दिसला, तर दुधाचा दात हलतो की नाही याची वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवा.

आता बघायचं कसं. अंधाऱ्या खोलीत, चुलीपुढे बसून हे होत नाही. सकाळी अंगणात लेकराला उन्हाकडे तोंड करून बसवा, तुम्ही समोर बसा. हात साबणाने धुवा. स्टीलचा चमचा घ्या आणि त्याच्या मागच्या बाजूने ओठ आणि गाल बाजूला करा. आधी दात मिटून बघा. वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या थोडे बाहेर असायला हवेत. एखादाच वरचा दात आत शिरलेला दिसतो का? मग तोंड मोठं उघडायला सांगा, जीभ वर टाळूला लावायला सांगा, म्हणजे खालच्या दातांची मागची बाजू दिसेल. दुसरी रांग असेल तर ती इथेच दिसते, बाहेरून हसताना कळत नाही. नंतर मान मागे करायला लावून वरच्या दातांच्या मागची टाळू बघा. उजेड कमी पडला तर मोबाइलची बॅटरी लावा. पक्का दात ओळखायला सोपा असतो. तो दुधाच्या दातापेक्षा मोठा आणि किंचित पिवळसर दिसतो, आणि नव्या पुढच्या दाताच्या कडेला बारीक दाते असतात. हा पिवळेपणा कीड नव्हे, तो त्याचा मूळ रंग आहे. शेवटी अंगठा आणि बोटात धरून दुधाचा दात हलकेच हलवून बघा. ओढायचा नाही, नुसता अंदाज घ्यायचा. एक लेकरू बघायला पाच मिनिटं पुरतात. मोबाइलवर एक फोटोही काढून ठेवा, दोन महिन्यांनी पुन्हा बघताना फरक कळेल, आणि डॉक्टरांना दाखवायलाही तो कामाला येईल.

एक कळवळून सांगणं : घरी दात उपटू नका. दाराच्या कडीला दोरा बांधून, पकडीने, नाहीतर बाजारात रस्त्याकडेला बसलेल्या माणसाकडून तर मुळीच नाही. हलून हलून लोंबणारा दात लेकराने स्वतः काढला तर ठीक. पण घट्ट दाताचं मूळ शाबूत असतं. ओढाताणीत ते तुटून आत राहतं, हिरडी फाटते, घाण हाताने संसर्ग होतो. काही लेकरांना रक्त न थांबण्याचा आजार असतो आणि घरच्यांना तो माहीतही नसतो. जखम झाली की खूप वेळ रक्त वाहतं, अंगावर उगाच काळेनिळे डाग उठतात, अशी खूण लेकरात किंवा मामाकडच्या कुणा पुरुषात दिसली असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा. हृदयाचा आजार असेल, हृदयाला भोक असल्याचं कुणी सांगितलं असेल, तर तेही आधी सांगा. अशा काही लेकरांना दात काढण्याआधी औषध द्यावं लागतं. दातांवर उपचार करण्याचा अधिकार कायद्याने नोंदणी झालेल्या दंतवैद्यालाच आहे, आणि तो कायदा १९४८पासून आहे. रस्त्याकडेच्या माणसाची पकड एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते, मध्ये ती उकळली जात नाही.

याच्या उलट चूकही होते आणि तीही तितकीच महाग पडते. दुधाचा दात शेवटी पडणारच आहे, मग किडला तर काढून टाका, असं म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. गर्दीच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसा दुधाचा दात पक्क्या दाताची जागा धरून बसलेला असतो. विशेषतः दुधाच्या दाढा. त्या नऊ ते बारा वर्षांपर्यंत टिकायला हव्यात. सहाव्या-सातव्या वर्षीच दाढ किडून काढावी लागली, तर मागची दाढ पुढे सरकते, जागा आकसते आणि खालून येणारा पक्का दात अडकतो किंवा आडवातिडवा येतो. म्हणजे दात वेळेआधी काढणं आणि वेळ गेल्यावरही ठेवणं, दोन्हींचा शेवट वाकड्या दातांत होतो. कोणता दात काढायचा आणि कोणता वाचवायचा, हा निर्णय घरात बसून घेऊ नका. दुधाच्या दाढेतही चांदी-सिमेंट भरता येतं, तिच्या नसेवर उपचार करता येतात. डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा.

किडीचा विषय निघालाच आहे तर फडावरची गोष्ट बोललीच पाहिजे. तिथे लेकराच्या हातात दिवसभर ऊस असतो. भूक लागली की ऊस, रडलं की ऊस, नाहीतर चहा-बिस्कीट. तोंडात साखर सतत राहिली की दुधाच्या दाढा सगळ्यात आधी किडतात. किडलेल्या दाढेच्या मुळाशी पू झाला तर तो खाली तयार होणाऱ्या पक्क्या दातालाही बाधतो, आणि दाताचं पडणंही वेळापत्रकाप्रमाणे होत नाही. ऊस तोडणाऱ्याच्या लेकराला ऊस खाऊ नको म्हणणं मलाही जमणार नाही. पण खाल्ल्यावर चूळ भरायला लावा आणि रात्री झोपण्याआधी ब्रश करून घ्या. दिवसभरातलं ते एक ब्रश कधी चुकवू नका. आणि लेकराच्या हिरडीला मिश्री लावू नका, दात शिवशिवत असले तरी नाही. ती तंबाखू आहे.

आणखी एक दात आहे, ज्याच्याबद्दल जवळजवळ प्रत्येक घरात गैरसमज आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, कुठलाही दात न पडता, एक नवी मोठी दाढ येते. चारही कोपऱ्यांत एकेक. काही पडलं नाही म्हणून आईबाप तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी, पडेल आपोआप, म्हणून सोडून देतात. ती पडत नाही. ती पक्की दाढ आहे, आयुष्यभराची. खालच्या-वरच्या जबड्याची मांडणी तिच्या आधाराने ठरते. ही दाढ आपल्याकडे बारा-पंधरा वर्षांच्या पोरांची काढावी लागते, याचं मला फार वाईट वाटतं. कारण तिच्यातली सुरुवातीची कीड भरायला दवाखान्याची एक फेरी पुरली असती.

काही दुधाचे दात पडत नाहीत, कारण खाली पक्का दात नसतोच. काही माणसांत जन्मतःच एखाद-दुसरा पक्का दात तयार होत नाही. बहुतेक खालच्या दुसऱ्या दुधाच्या दाढेच्या जागचा किंवा वरच्या मधल्या दोन दातांच्या शेजारचा. अशा वेळी दुधाचा दात जपायचा असतो. तो नीट राहिला तर तिशी-चाळिशीपर्यंतही काम देतो. खाली दात आहे की नाही हे नजरेने कळत नाही, एक्स-रे लागतो. म्हणून बारा-तेरा वर्षं उलटूनही दुधाची दाढ तशीच असेल, तर लगेच उपटूनही टाकू नका आणि विसरूनही जाऊ नका. एक्स-रे काढून घ्या. काही वेळा दुधाची दाढ हाडाला चिकटते आणि शेजारच्या दाढांपेक्षा खाली बसलेली दिसते. तिच्यावरही लक्ष ठेवावं लागतं.

पुढच्या दातांची एक साधी खूण लक्षात ठेवा. उजवा आणि डावा दात बरोबरीने बदलतात. एका बाजूचा वरचा पुढचा पक्का दात येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूला अजून दुधाचाच दात उभा आहे, तर वाटेत काहीतरी आडवं आलेलं असण्याची शक्यता असते. कधी मधोमध एक जादा दात असतो, कधी लहानपणी पडल्यामुळे मुळाला मार बसलेला असतो, कधी दातांच्या तुकड्यांची गाठ असते. अशी गाठ वाढत राहिली तर काय होतं याचं मोठं उदाहरण २०१४ साली महाराष्ट्राने पाहिलं आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका सतरा वर्षांच्या मुलाचा जबडा दीड वर्ष सुजलेला होता. गावाकडे कारण सापडलं नाही. कॅन्सर तर नाही ना, या भीतीने वडिलांनी त्याला मुंबईला नेलं. जे. जे. रुग्णालयात दंत विभागप्रमुख डॉ. सुनंदा धिवरे-पालवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे सात तास शस्त्रक्रिया करून त्या गाठीतून २३२ लहान-मोठे दात काढले. कॅन्सर नव्हताच. इतकी मोठी गाठ लाखात एखादी. पण तिचंच लहान रूप पक्क्या दाताच्या वाटेत बसून दुधाचा दात अडकवून ठेवतं, आणि ते एका एक्स-रेमध्ये दिसतं.

वरच्या सुळ्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, आणि नेमका तोच बराच भरकटू शकतो. पक्का वरचा सुळा अकरा-बाराव्या वर्षी येतो. पण नऊ-दहाव्या वर्षीच दुधाच्या सुळ्याच्या वर, हिरडीच्या बाहेरच्या बाजूला बोट फिरवलं की त्याचा उंचवटा हाताला लागायला हवा. दोन्ही बाजूंना लागत नसेल, किंवा एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर सुळा टाळूकडे वळला असण्याची शक्यता असते. स्वीडनमधल्या एरिक्सन आणि कुरोल या दोघा संशोधकांनी १९८८ साली यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा ते तेरा वर्षांच्या मुलांचे टाळूकडे वळलेले ४६ सुळे त्यांनी पाहिले. तिथला फक्त दुधाचा सुळा काढला, आणि ४६ पैकी ३६ सुळे आपोआप सरळ वाटेला लागले. वय वाढलं की ही संधी जाते. मग टाळू उघडून, साखळी लावून दात ओढावा लागतो, किंवा तो तसाच आत राहून शेजारच्या दातांची मुळं झिजवतो.

सुळ्याचं नाव काढलं की घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, वरचा दात काढू नका, डोळ्याची नजर जाते. आजीच्या मनात माया असते, म्हणून तिला दुखवून नव्हे, समजावून सांगा. दाताची नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. दुधाचा दात काढल्याने नजर जात नाही. दातावर दात असलेलं पोर नशीबवान, असंही आपल्याकडे म्हणतात. त्या पोराच्या दातांच्या फटीत रोज अन्न अडकतं, ब्रश पोचत नाही, हिरडीतून रक्त येतं आणि मोठी झालेली मुलगी तोंडावर हात धरून हसते. यात कसलं नशीब? पडलेला दात कौलावर टाकायचा, उंदराच्या बिळाशी ठेवायचा, ते खुशाल करा. त्यात लेकराचा आनंद आहे.

सगळेच दात उशिरा येत असतील, म्हणजे सात-साडेसात वर्षं होऊनही एकही दुधाचा दात हललेला नसेल, तर दातांच्या डॉक्टरांबरोबर बालरोगतज्ज्ञांनाही दाखवा. काही घरांत उशिरा दात बदलणं आईबापापासून चालत आलेलं असतं आणि त्यात काही वावगं नसतं. पण थायरॉइड कमी असणं, मुडदूस, अशी कारणंही असू शकतात, आणि त्यांवर इलाज आहे. उलट, आठ-नऊ वर्षांच्या लेकराच्या वरच्या दोन दातांत फट दिसते म्हणून धावपळ करू नका. सुळे आले की ती बहुधा मिटते.

जायचं कुठे? सुरुवात नांदूरघाटच्या सरकारी दवाखान्यातून करा. दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते आशाताईंकडून आधी विचारून घ्या, म्हणजे फेरी वाया जाणार नाही. तिथे सोय झाली नाही तर केजचं उपजिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीडचं जिल्हा रुग्णालय आहे. अवघड सुळे आणि जादा दात यांसाठी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयाची चिठ्ठी मागून घ्या. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. पैशांअभावी थांबू नका. रस्ता कळत नसेल तर १०४ या आरोग्य हेल्पलाइनवर फोन करून विचारा.

दुधाचा दात काढणं हे मोठं ऑपरेशन नाही. हिरडीला बधिर करतात, काही मिनिटांत दात निघतो, कापूस दाबून अर्धा तास तोंड मिटून बसायचं. त्या दिवशी सारखं थुंकायचं नाही, गरम-तिखट द्यायचं नाही. एकच काळजी घ्या : बधिरपणा जाईपर्यंत लेकरू आपलाच ओठ चावतं आणि नंतर तो सुजतो, तोपर्यंत त्याच्याजवळ बसा. आणि आजपासून घरात कुणीही, गप बस नाहीतर डॉक्टर सुई टोचेल, असं म्हणू नका. त्या एका वाक्यापायी कितीतरी लेकरं खुर्चीत तोंडच उघडत नाहीत आणि आलेली फेरी फुकट जाते.

शाळेतल्या गुरुजी-बाईंना वेगळी विनंती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं. त्याच्या तपासणीत दातांची कीडही आहे. पण पथक डिसेंबरमध्ये आलं तर ज्यांना त्याची सर्वात जास्त गरज आहे ती लेकरं तेव्हा शाळेत नसतात. म्हणून मुख्याध्यापकांनी, शाळा व्यवस्थापन समितीने आणि ग्रामपंचायतीने मिळून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करावी की ऊसतोडीच्या गावांतली शालेय तपासणी दसऱ्याच्या आत व्हावी. ही मागणी न्यायाची आहे आणि तिला खर्च लागत नाही, फक्त वेळापत्रक बदलावं लागतं. तोपर्यंत येत्या शनिवारी, सकाळच्या शाळेत, प्रार्थनेनंतर पोरांना उन्हातच बसवा आणि वर सांगितल्याप्रमाणे तोंडं बघा. ज्यांच्यात दुसरी रांग दिसते त्यांची नावं लिहून पालकांना त्याच दिवशी फोन करा. मात्र पोरांसमोर कुणाच्या दातांची चर्चा नको. वर्गात एकदा हसू झालं की ते पोर पुन्हा तोंड दाखवत नाही.

जी लेकरं हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ मागे राहतात, त्यांची जबाबदारी आपल्या गावाची आहे. आजीला नीट दिसत नाही, तिला दवाखान्यापर्यंत एकटीने जाणं होत नाही. शेजारच्या सुनेने, आशाताईंनी, अंगणवाडीच्या बाईंनी महिन्यातून एकदा त्या लेकरांची तोंडं बघावीत. निघण्याआधी आईबापांनी आजीला आणि शाळेला सांगून ठेवावं की दात काढायची वेळ आली तर आमची संमती आहे, आणि फोन नंबर लिहून द्यावा. नुसत्या संमतीवाचून अडलेला उपचार मार्चपर्यंत लांबतो.

मुकादमांनो, तुमच्या टोळीतली लेकरं तुमच्या डोळ्यांसमोर वाढतात. गाडी भरायची तारीख ठरवताना दवाखान्यासाठी एक दिवस मोकळा सोडा, आणि त्या दिवसाचा हिशेब कुणाच्या उचलीत धरू नका. तळावर पोचल्यावर जवळचं सरकारी रुग्णालय कुठे आहे ते विचारून टोळीतल्या प्रत्येक घराला सांगा. मोफत उपचाराची सोय राज्यात कुठेही तीच आहे, त्यासाठी गावचं रुग्णालयच हवं असं नाही. लेकराचा गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर त्याच दिवशी न्या. दाताच्या मुळाचा पू गळ्यापर्यंत उतरला तर जिवाशी गाठ पडते.

ज्यांच्या हाती हे आवाहन पडेल त्यांनी ते वाचून बाजूला ठेवू नये. ज्याला वाचता येत नाही अशा एका तरी घरात ते मोठ्याने वाचून दाखवा. ग्रामपंचायतीने मंदिराच्या भोंग्यावरून सांगावं, बाजाराच्या दिवशी सांगावं, बचतगटाच्या बैठकीत बायकांनी एकमेकींना सांगावं. आणि उद्या सकाळी ऊन अंगणात आलं की स्वतःच्या लेकरापासून सुरुवात करा. दातामागे दात दिसला तर टोळीची गाडी निघण्याआधी त्याला दवाखान्यात घेऊन जा.